असेल, असता आणि असायलाच हवे

इंग्रजी शिकलेल्या बहुतेक मराठी माणसांच्या जुन्या वहीत एक तक्ता सापडतो. डावीकडे कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट ही क्रियापदे ओळीने उतरवलेली असतात आणि उजवीकडे त्यांच्यासमोर 'शकतो', 'शकला', 'कदाचित', 'पाहिजे', 'च पाहिजे' असे मराठी शब्द लिहिलेले असतात. शाळेत या क्रियापदांना 'मोडल ऑक्झिलरी' म्हणतात. तक्ता पाठ करून परीक्षा उत्तीर्ण होता येते, पण वाक्य कोण कोणाला म्हणत आहे आणि त्या वाक्याने नेमके कोण बांधले जात आहे, हे त्यातून कळत नाही. मी प्रौढांना इंग्रजी शिकवते आणि अधूनमधून न्यायालयीन कागदपत्रांची मराठी भाषांतरे करते. ही दोन्ही कामे मला सतत याच क्रियापदांपाशी आणून सोडतात, आणि त्यांच्याविषयी विचार करता करता माझे एक मत पक्के झाले आहे. ही क्रियापदे वाक्याचा अर्थ जितका सांगतात, त्याहून अधिक जबाबदारी कोणाच्या अंगावर आहे ते सांगतात, आणि जबाबदारी ओळखता आली की जवळजवळच्या रूपांमधला गोंधळ बराचसा मिटतो.

इंग्रजीने या प्रत्येक क्रियापदावर दोन निराळी कामे सोपवली आहेत. एक बंधनाचे, दुसरे तर्काचे. 'यू मस्ट बी देअर बाय नाइन' या वाक्यात बोलणारा ऐकणाऱ्याला बांधतो, म्हणजे नऊला तिथे पोहोचायलाच हवे. 'यू मस्ट बी टायर्ड' यात मात्र कोणीही कोणाला दमण्याची आज्ञा करत नाही. समोरच्याचा चेहरा पाहून बोलणारा स्वतःच्या मनाशी अनुमान बांधतो की हा दमला असणार. पहिल्या वाक्यात बांधला जातो तो ऐकणारा, आणि दुसऱ्यात स्वतः बोलणारा, कारण पुरावाच असा आहे की त्याला दुसरा निष्कर्ष काढता येत नाही. वर्तमानकाळात हा फरक संदर्भाने सहज कळतो, म्हणून विद्यार्थ्यांचे तिथे फारसे अडत नाही. अडते ते भूतकाळात. बंधनाचा 'मस्ट' भूतकाळात जाताना 'हॅड टू' होतो आणि तर्काचा 'मस्ट' भूतकाळात जाताना 'मस्ट हॅव' होतो. 'शी हॅड टू लीव्ह' म्हणजे तिला जावे लागले, आणि 'शी मस्ट हॅव लेफ्ट' म्हणजे ती निघून गेली असणार. 'त्याने डॉक्टरकडे जायला हवे होते' हे वाक्य मराठी विद्यार्थी फार वेळा 'ही मस्ट हॅव गॉन टू द डॉक्टर' असे लिहितो. मराठी वाक्यात तो गेला नाही ही खंत आहे, आणि इंग्रजी वाक्य सांगते की तो नक्की गेला असणार. तिथे 'शुड हॅव गॉन' हवे. तक्त्यात 'मस्ट' आणि 'शुड' या दोन्हींसमोर 'पाहिजे' लिहिलेले असल्यामुळे ही चूक व्याकरणाची आहे असे कोणालाच वाटत नाही, आणि वाक्य दिसायलाही अगदी निर्दोष दिसते.

'मे हॅव' आणि 'माइट हॅव' यांची जोडी याहून नाजूक आहे. पुरात सापडलेल्या माणसाविषयी 'ही मे हॅव ड्राउन्ड' असे कोणी म्हणाले, तर त्या घटकेला शोध अजून चालू आहे, तो बुडाला असेल किंवा नसेल, आणि बोलणाऱ्याला ते ठाऊक नाही. 'ही माइट हॅव ड्राउन्ड' याचा जुन्या, काटेकोर इंग्रजीत एक निराळा अर्थ ठळक असे: तो बुडाला असता, पण वाचला. आज अनेक इंग्रजी लेखक दोन्ही रूपे एकाच्या जागी दुसरे अशी वापरतात, आणि जिवंत माणसाविषयी 'मे हॅव ड्राउन्ड' असे छापूनही येते. भाषा बदलते हे मला मान्य आहे, तरीही हा फरक पुसला जाऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण तो माहिती नसण्याचा आणि माहिती असण्याचा फरक आहे. एका वाक्यात घरचे लोक अजून वाट पाहत आहेत आणि दुसऱ्यात त्यांचा माणूस घरी परतला आहे.

मराठीला हा फरक शिकवावा लागत नाही. 'बुडाला असेल' आणि 'बुडाला असता' यांत अदलाबदल करणारा मराठी माणूस मला आजवर भेटलेला नाही. 'असेल' म्हणजे ठाऊक नाही, आणि 'असता' म्हणजे ठाऊक आहे, तसे घडले नाही. 'वेळेवर औषध मिळाले असेल' या वाक्यात आशा आहे, 'वेळेवर औषध मिळाले असते' या वाक्यात शोक आहे, आणि दोन्हींतले अंतर एका प्रत्ययाएवढे आहे. म्हणून वर्गात मी 'मे हॅव'चे नियम सांगण्याआधी विद्यार्थ्यांना ही मराठी वाक्ये मोठ्याने म्हणायला लावते. आपल्याच भाषेत आपण एवढा सूक्ष्म भेद रोज सहज पाळतो हे लक्षात आले की इंग्रजीतल्या भेदाचा धाक ओसरतो. 'कुड हॅव' मात्र दोन्हीकडे जातो. 'ही कुड हॅव टेकन द बस' म्हणजे त्याने बस घेतली असेल असेही होते आणि त्याला बसने जाता आले असते, तो गेला नाही, असेही होते. तिथे मागचे-पुढचे वाक्य वाचल्याखेरीज भाषांतर करू नये.

नकारार्थी वाक्यांत प्रश्न असा येतो की 'नाही' नेमके कशाला चिकटले आहे. 'यू मस्ट नॉट टेक इट विथ मिल्क' या सूचनेत मनाई आहे. टेट्रासायक्लिनसारखे प्रतिजैविक दुधातल्या कॅल्शियमशी बांधले जाते आणि रक्तात नीट उतरत नाही, म्हणून ते दुधाबरोबर घेता कामा नये. 'यू डोंट हॅव टू टेक इट विथ मिल्क' या वाक्यात केवळ सक्ती काढून घेतली आहे. दुधाबरोबर घ्या, पाण्याबरोबर घ्या, तुमची मर्जी. 'मस्ट' आणि 'हॅव टू' होकारार्थी असताना सख्ख्या बहिणींसारखे वागतात आणि 'नॉट' मध्ये येताच एकमेकींकडे पाठ फिरवतात, कारण 'मस्ट नॉट'मध्ये न करण्याचे बंधन असते आणि 'डोंट हॅव टू'मध्ये बंधनच नसते. या एका ठिकाणी मराठीनेही सावध राहावे असे मला वाटते. 'उद्या तू यायला नको' या वाक्याचा अर्थ 'तुझी गरज नाही, विश्रांती घे' असा होतो आणि 'तू येऊ नयेस' असाही होतो. बोलताना सूर आपल्याला सांभाळून घेतो. लिहिताना तो नसतो, आणि मोबाइलवरच्या दोन ओळींच्या निरोपात तर मुळीच नसतो. 'यायची गरज नाही' आणि 'येऊ नकोस' असे स्पष्ट पर्याय आपल्याकडे आहेत, ते लेखनात वापरावेत.

याच घरातली आणखी एक जोडी 'नीड नॉट हॅव' आणि 'डिड नॉट नीड टू' ही आहे. पाहुणे आले आणि त्यांनी मिठाई आणली, तर 'यू नीड नॉट हॅव ब्रॉट इट' असे म्हणतात. म्हणजे आणली, पण आणण्याची गरज नव्हती. 'वुई डिड नॉट नीड टू ब्रिंग इट' यातून मिठाई आणली की नाही हे निश्चित कळत नाही, आणि बहुधा आणली नसावी असाच वाचणाऱ्याचा समज होतो. आपण 'कशाला आणलंत?' म्हणून मोकळे होतो, आणि त्या प्रश्नात कृतज्ञता आणि संकोच दोन्ही मावतात.

'शकणे' हे क्रियापद मराठी माणसाला इंग्रजीत कसे फसवते, हेही सांगायला हवे. 'काल मी शेवटची गाडी पकडू शकलो' याचे 'यस्टरडे आय कुड कॅच द लास्ट ट्रेन' असे भाषांतर आपल्याला सरळ वाटते. इंग्रजी कानाला ते अर्धवट वाटते, कारण भूतकाळातला होकारार्थी 'कुड' अंगची क्षमता सांगतो, एका दिवशी साधलेले यश सांगत नाही. लहानपणी मला झाडावर चढता येत असे, यासाठी 'कुड' चालतो. काल धडपडत गाडी पकडली, यासाठी 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' लागतो. नकारात मात्र 'कुड नॉट' दोन्हीकडे चालतो, कारण क्षमता नसली काय आणि यश आले नाही काय, गाडी सुटलीच. आपल्या 'शकलो'मध्ये क्षमतेबरोबर यशाची ग्वाहीही असते.

ही क्रियापदे अशी दुहेरी का झाली, याचे उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. 'शॅल'चे जुन्या इंग्रजीतले रूप देणे लागण्याचा, ऋण असण्याचा अर्थ सांगत असे. 'विल' हे इच्छेचे क्रियापद होते, 'मे' हे सामर्थ्याचे, आणि 'कॅन' हे जाणण्याचे, संस्कृतातल्या 'ज्ञा' धातूच्या दूरच्या कुळातले. 'मस्ट' हे तर मुळात परवानगी सांगणाऱ्या क्रियापदाचे भूतकाळी रूप होते आणि चालता चालता ते सक्तीपर्यंत येऊन पोहोचले. 'विल' वगळता या क्रियापदांची वर्तमानकाळी रूपे फार पूर्वीच्या भूतकाळी रूपांपासून आलेली आहेत, म्हणूनच 'ही कॅन'मध्ये 'कॅन'ला एस लागत नाही. 'शॅल'ची ऋणाची व्युत्पत्ती वाचली तेव्हा मला आपल्या 'लागणे'ची आठवण झाली. 'तो माझे शंभर रुपये लागतो' आणि 'मला जावे लागते' ही दोन्ही वाक्ये एकाच क्रियापदावर उभी आहेत. कर्तव्य हे एक प्रकारचे देणे आहे, ही समजूत एकमेकींपासून इतक्या लांब वाढलेल्या दोन भाषांनी आपापल्या वाटेने गाठली, याचे मला फार अप्रूप वाटते.

१६५३ साली जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि त्यात नियम घातला की प्रथमपुरुषी 'शॅल' भविष्य सांगतो आणि 'विल' वचन किंवा निर्धार सांगतो, आणि इतर पुरुषांत हे उलटे होते. पुढे कित्येक पिढ्यांनी तो नियम घोकला. बोलण्यातून तो आता जवळजवळ गेला आहे, पण कायद्याच्या भाषेत तृतीयपुरुषी 'शॅल' आज्ञा म्हणून टिकून राहिला, आणि तिथे त्याच्यापुढे 'मे' उभा राहिला की माणसांची आयुष्ये बदलतात.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी मसुदा केलेल्या १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या चौथ्या कलमात या दोन शब्दांची व्याख्याच दिलेली होती. जिथे कायदा न्यायालयाने एखादी गोष्ट 'मे प्रिझ्यूम' असे म्हणतो, तिथे न्यायालयाला ती सिद्ध झाली असे मानता येते किंवा तिचा पुरावा मागता येतो. जिथे तो 'शॅल प्रिझ्यूम' म्हणतो, तिथे न्यायालयाला ती सिद्ध झाली असे मानावेच लागते, जोपर्यंत विरुद्ध पक्ष ती खोडून काढत नाही तोपर्यंत. गृहीतक म्हणजे तर्कच. एरवी तर्क हा ज्याच्या-त्याच्या बुद्धीचा भाग असतो. या कलमाने तर्कालाच बंधन घातले, म्हणजे 'मस्ट'ची जी दोन कामे मी वर वेगळी केली, ती इथे एका शब्दप्रयोगात येऊन मिळाली.

याचे मोल काय आहे, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून त्यांना दोषी धरले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत आणि तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, या गोष्टींना त्या निकालात मोठे वजन मिळाले. म्हणजे खुणा नाहीत, त्याअर्थी संमती असणार. तर्काचा हा 'असणार' एका मुलीच्या साक्षीपेक्षा भारी ठरला. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली पुरावा अधिनियमात कलम ११४-क घालण्यात आले. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे साक्षीत सांगितले असेल, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे ते कलम म्हणते, आणि त्यातला शब्द 'शॅल प्रिझ्यूम' आहे. न्यायाधीशाच्या 'असणार'ला कायद्याच्या 'धरायलाच हवे'ने दिलेले ते उत्तर आहे. तिथे 'मे' असता, तर न्यायालयाला पुन्हा खुणा मागता आल्या असत्या.

त्याच १९८३ साली घातलेल्या कलम ११३-क मध्ये मात्र 'मे' आहे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली आणि नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी तिचा छळ केला होता असे दिसले, तर त्यांनी तिला आत्महत्येस प्रवृत्त केले असे न्यायालयाला, प्रकरणातली इतर सर्व परिस्थिती पाहून, गृहीत धरता येते. तीन वर्षांनी, १९८६ साली, हुंडाबळीसाठी कलम ११३-ख आले, आणि तिथे मृत्यूच्या थोडेच आधी हुंड्यासाठी छळ झाला होता हे दाखवले की न्यायालयाने गृहीत धरायचेच असते. दोन लागोपाठची कलमे, दोन्हींत नवविवाहितेचा मृत्यू, आणि त्यांच्यामध्ये एका लहान क्रियापदाचा फरक. 'मे'मुळे फिर्यादी पक्षाला न्यायाधीशाचे मन वळवत राहावे लागते. 'शॅल'मुळे छळ आणि मृत्यूची परिस्थिती सिद्ध झाल्यावर ओझे आरोपीच्या खांद्यावर जाते. कुठे कोणता शब्द असावा याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात, कारण 'शॅल' निरपराध माणसालाही बांधू शकतो. पण भाषांतर करताना या दोन्हींना एकच मराठी रूप देणे हा अन्याय आहे, आणि वाचकाच्या ते लक्षातही येणार नाही, हे अधिक वाईट.

'शॅल' दिसला की प्रत्येक वेळी सक्तीच असते असेही नाही. राज्यघटनेच्या ३२०व्या अनुच्छेदात सरकारी नोकरांवरील शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी 'शॅल' आहे, तरी १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात ती तरतूद निदेशात्मक ठरवली, म्हणजे सल्ला घेतला नाही एवढ्यावरून कारवाई रद्द होत नाही. या अनिश्चिततेला कंटाळून काही देशांनी 'शॅल' सोडून दिला. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या राज्यघटनेने 'मस्ट' स्वीकारला आणि अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतून २००७च्या पुनर्लेखनात 'शॅल' काढून टाकण्यात आला. इंटरनेटचे मानक लिहिणाऱ्या अभियंत्यांनीही १९९७ साली आरएफसी २११९ या छोट्याशा दस्तऐवजात 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' यांचे अर्थ ठरवून टाकले. त्यातली 'शुड'ची व्याख्या मला विशेष आवडते. सूचना पाळायची नसेल तर परिणाम पूर्णपणे समजून आणि तोलून मगच वेगळा मार्ग घ्यावा, असे ती सांगते. 'पाहिजे' आणि 'च पाहिजे' यांच्यामधली ही जागा इतक्या नेमकेपणाने मोजलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

मराठी कायद्यात 'शॅल'साठी साधा भविष्यकाळ वापरण्याची रूढी आहे. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत छापलेली मूलभूत कर्तव्ये 'प्रत्येक भारतीय नागरिकाचे हे कर्तव्य असेल' अशी सुरू होतात. आता 'असेल' हे रूप घरात मूल कसे ऐकते? 'बाबा ऑफिसात असतील', 'चावी कपाटात असेल'. तिथे ते अंदाजाचे रूप आहे. म्हणजे इंग्रजी 'मस्ट'प्रमाणे मराठी 'असेल'वरही तर्क आणि बंधन अशी दोन्ही कामे येऊन पडली आहेत, फक्त बंधनाचे काम कायद्याच्या पुस्तकाबाहेर कोणी पाहिलेले नाही. 'न्यायालय गृहीत धरील' हे वाक्य वकिलाला आज्ञा म्हणून कळते. ज्या बाईचा खटला आहे तिला ते भाकितासारखे वाटते, आणि धरील न धरील, देव जाणे, असेच ती समजते.

१ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, पण 'मे प्रिझ्यूम' आणि 'शॅल प्रिझ्यूम' यांतला भेद इंग्रजी पाठात तसाच राहिला आहे. मराठी पाठ लिहिणाऱ्यांनी आता भविष्यकाळाची ती रूढी सोडावी, असे मी आग्रहाने म्हणेन. 'मे'साठी 'गृहीत धरता येईल' हे नेमके आणि सर्वांना कळणारे रूप आहे, ते ठेवावे. 'शॅल'साठी 'गृहीत धरलेच पाहिजे' असे लिहावे. ते थोडे रांगडे वाटेल, पण न्यायालयाच्या पायरीवर बसून आपल्या कागदाची प्रत वाचणाऱ्या बाईला ते पहिल्याच वाचनात कळेल, आणि वकिलाला विचारण्याआधी तिला ठाऊक असेल की या जागी न्यायाधीशांना निवड दिलेली नाही.